बंद केलेले पदार्थ पुन्हा कसे सुरू करावेत? आयबीएसच्या पथ्यानंतरची पुढची पायरी

गेले चार-सहा आठवडे तुम्ही कांदा, लसूण, गव्हाची पोळी, दूध, बरीचशी कडधान्ये आणि काही फळे बंद ठेवली आहेत. पोट फुगणे कमी झाले आहे, सकाळी तीन-तीनदा शौचाला पळावे लागत नाही, प्रवासाला निघताना पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. मग साहजिकच मनात येते, की आता कशाला काही बदलायचे? बरे चालले आहे, तसेच चालू द्यावे.

तपासायला येणाऱ्या रुग्णांच्या तोंडून हे मी नेहमी ऐकतो. आणि असे म्हणणारे अनेक जण वर्षभरानंतर पुन्हा येतात तेव्हाही त्याच चार-पाच पदार्थांवर असतात. भात, ज्वारीची भाकरी, बटाटा, दोडका, पुन्हा भात. वजन उतरलेले असते, लग्नाच्या पंगतीला जाणे बंद झालेले असते, घरात एका माणसासाठी वेगळी भाजी होत असते. त्यातल्या बहुतेकांनी सोडलेल्या पदार्थांपैकी निम्म्याहून अधिक पदार्थांचा त्यांच्या पोटाशी काही संबंध नसतो. पण ते कधी तपासलेच गेलेले नसते.

तुम्ही केलेले पथ्य हे औषध नव्हते. ती एका तपासणीची पहिली पायरी होती. दुसरी पायरी, म्हणजे एकेक पदार्थ ठरावीक मापाने परत आणून पाहणे, केल्याशिवाय तपासणीचा निकाल हाती येत नाही.

हे पथ्य नेमके कशासाठी होते?

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस असलेल्या रुग्णांना आजकाल जो ‘लो फॉडमॅप’ आहार सांगितला जातो, तो ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी साधारण 2005 पासून विकसित केला. फॉडमॅप हे काही प्रकारच्या साखरांचे एकत्रित नाव आहे. या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या आपल्याबरोबर पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू त्यांना आंबवतात. त्यातून वायू तयार होतो. हे प्रत्येकाच्याच पोटात घडते. फरक इतकाच, की आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील असतात. ज्या ताणाची दुसऱ्याला जाणीवही होत नाही, तो तुम्हाला मुरडा किंवा गुबारा म्हणून जाणवतो.

म्हणून एक गोष्ट आधी समजून घ्या. चाचणीत कांदा खाऊन पोट दुखले, तर त्याचा अर्थ आतड्याला इजा झाली असा नाही. आतड्याला जखम होत नाही, सूज येत नाही, आजार वाढत नाही. त्रास होतो आणि तो उतरतो. रुग्णांची निम्मी भीती इथेच असते.

उलट, पथ्य अनिश्चित काळ चालू ठेवण्याचे तोटे आहेत. कांदा, लसूण, गहू, कडधान्ये यांतल्या याच साखरांवर मोठ्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरिया हे उपयुक्त जिवाणू वाढतात. कडक पथ्यात त्यांचे प्रमाण घटते, हे अभ्यासांत दिसून आले आहे. दूध आणि डाळी दोन्ही गेल्यावर कॅल्शियम आणि प्रथिने कमी पडतात, विशेषतः शाकाहारी माणसाला. कोंडायुक्त पदार्थ कमी झाल्याने ज्यांना मुळात बद्धकोष्ठतेचा त्रास आहे, त्यांचा त्रास वाढतो.

कोणी हे घरी करू नये

इथे थोडे थांबून वाचा. खालील वर्णन आयबीएससाठी केलेल्या पथ्याचे आहे. अन्नाची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ किंवा डोळे सुजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, दम लागणे, चक्कर येऊन पडणे असे कधीही झाले असेल, तर तो पदार्थ घरी ‘थोडासा चाखून’ पाहू नका. शेंगदाणे, तीळ, अंडी, कोळंबी, दूध, काजू, काहीही असो. असा पदार्थ पुन्हा देऊन पाहायचा असेल तर तो अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, तातडीचे उपचार हाताशी असलेल्या रुग्णालयातच दिला जातो. चुकून अशी लक्षणे सुरू झाली, तर वाट न पाहता 108 किंवा 112 ला फोन करा.

लहान मुलांचेही तसेच. गाईच्या दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी म्हणून बाळाचे दूध बंद केले असेल, तर ते केव्हा आणि कोणत्या रूपात परत द्यायचे, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतात. इसबासाठी दूध-अंडी अनेक महिने बंद ठेवलेल्या काही मुलांना तोच पदार्थ पुन्हा दिल्यावर अचानक तीव्र अ‍ॅलर्जी येते, जरी पूर्वी ती तशी आली नसली तरी. आजी-आजोबांनी प्रेमाने चमचाभर बासुंदी भरवण्याआधी हे त्यांच्याही कानावर घाला.

गव्हाबद्दल एक स्वतंत्र सूचना. सीलिअ‍ॅक हा आजार आहे की नाही, हे पाहण्याची रक्ततपासणी गहू बंद करण्याआधी व्हायला हवी. गहू बंद असताना ती खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. तपासणी न करताच तुम्ही गहू सोडला असेल, तर तो परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. साधारणतः रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू किमान सहा आठवडे खाऊन मग तपासणी केली जाते. तपासणीत सीलिअ‍ॅक निघालाच, तर गहू ‘किती चालतो’ हा प्रश्नच उरत नाही. तो आयुष्यभर पूर्ण बंद.

शौचावाटे रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपेतून जुलाबासाठी उठावे लागणे, रक्तक्षय, वारंवार ताप, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला पोटाचा त्रास असेल, तर पदार्थांचे प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासण्या करून घ्या. गरोदर स्त्रिया, वजन फार कमी असलेले ज्येष्ठ आणि ज्यांना पूर्वी खाण्याच्या संदर्भात मानसिक आजार झाला आहे, त्यांनी हे आहारतज्ज्ञांच्या सोबतीनेच करावे.

आणखी एक. सहा आठवडे पथ्य नीट पाळूनही काडीचा फरक पडला नसेल, तर चाचण्या करत बसू नका. तुमच्या त्रासाचे कारण या साखरांमध्ये नाही. सगळे पदार्थ परत सुरू करा आणि डॉक्टरांना भेटा.

चाचणी कशी करायची

नियम तीनच आहेत, पण ते पाळणे वाटते तितके सोपे नाही.

एका वेळी एकच पदार्थ तपासायचा. बाकीचे जेवण पूर्वीसारखेच पथ्याचे ठेवायचे. आणि एक पदार्थ पास झाला म्हणून तो लगेच रोज खायला सुरुवात करायची नाही. सर्व चाचण्या संपेपर्यंत तोही पुन्हा बाजूला. हा तिसरा नियम रुग्णांना सर्वांत जाचक वाटतो. पण दूध चालले म्हणून रोज दूध घ्यायला लागलात आणि मग गव्हाची चाचणी केलीत, तर झालेला त्रास पोळीचा की दोघांच्या बेरजेचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रत्येक पदार्थासाठी तीन दिवस. पहिल्या दिवशी थोडे, दुसऱ्या दिवशी मध्यम, तिसऱ्या दिवशी तुम्ही एरवी जेवढे खाल तेवढे. त्यानंतर दोन-तीन दिवस फक्त पथ्याचे जेवण, पोट पुन्हा शांत होईपर्यंत. मग पुढचा पदार्थ. मधेच ठळक त्रास झाला तर तिथेच थांबायचे; तिसऱ्या दिवसाचे माप ‘पूर्ण करायचेच’ असा हट्ट नको. अशा रीतीने सगळे मिळून सहा ते आठ आठवडे लागतात.

वही ठेवा. मोबाइलमध्ये लिहिले तरी चालेल, पण लिहाच. काय खाल्ले, किती, किती वाजता. आणि पोटदुखी, फुगणे, शौच यांना 0 ते 10 पैकी किती गुण. चाचणीच्या आधीचे दोन दिवसही लिहा, म्हणजे तुमचे ‘शांत पोट’ म्हणजे किती गुण, हे कळेल. थोडा वायू सरणे हे निकोप पोटाचेही लक्षण आहे. शून्याची अपेक्षा ठेवलीत तर प्रत्येक पदार्थ नापास होईल.

दिवस निवडताना घरचे वेळापत्रक बघा. पाळीच्या आधीचे आणि पाळीतले दिवस टाळा. त्या काळात अनेकींचे पोट पदार्थांशिवायही बिघडते. अँटिबायोटिक चालू असताना, बाहेरचे खाऊन पोट बिघडल्यावर, परीक्षेच्या किंवा ऑडिटच्या आठवड्यात चाचणी नको. तिखटजाण मिसळ, तळलेले पदार्थ, एरवीपेक्षा जास्त चहा आणि मद्य यांनी स्वतंत्रपणे त्रास होतो, तेव्हा चाचणीच्या दिवसांत तेही नको. नेहमीची औषधे बदलू नका. दूध किंवा डाळ पचावी म्हणून मिळणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या मात्र चाचणीपुरत्या बंद.

उपवासाच्या दिवशी चाचणी करू का, असेही विचारतात. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे यांत फॉडमॅप तसे कमी असतात, पण तुपात निथळणारी खिचडी आणि वर तळलेले वेफर्स यांनी पोट जड होतेच. संकष्टीला वहीला सुट्टी द्या.

दुधापासून सुरुवात करा

मी बहुतेकांना पहिली चाचणी दुधाची सांगतो, कारण माप सोपे आहे आणि उत्तर लवकर मिळते. पहिल्या दिवशी पाव कप म्हणजे साधारण 60 मिली, दुसऱ्या दिवशी अर्धा कप, तिसऱ्या दिवशी एक कप. साधे दूध, जेवणाबरोबर. चहातून नको, कारण मग चहाचा त्रास दुधाच्या माथी बसतो. कॉफीचेही तेच.

दुधातील लॅक्टोज कमी पचते अशा लोकांनाही एका वेळी साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे जवळजवळ एक कप दूध, फारसा त्रास न होता चालते असे आढळले आहे. त्यामुळे ‘मला दूध अजिबात चालत नाही’ म्हणणारे कित्येक जण दोन वेळच्या चहातले दूध आरामात पचवतात. पाव कपातच मुरडा आला, तरी सगळे दुग्धजन्य पदार्थ गेले असे समजू नका. दही विरजताना काही लॅक्टोज जिवाणू वापरतात, शिवाय त्या जिवाणूंची मदत पोटातही होते. पनीर करताना लॅक्टोजचा मोठा भाग निवळीबरोबर निघून जातो. तुपात ते जवळजवळ नसतेच. दूध नापास झाल्यावर ताक आणि दही वेगळे तपासा. जेवणाच्या शेवटी ताकभात परत मिळाला की पथ्याचा अर्धा कंटाळा जातो, हा माझा अनुभव.

कांदा, लसूण आणि गहू: तिघांची चाचणी वेगवेगळी

महाराष्ट्रीय स्वयंपाकघरात खरा प्रश्न इथे आहे. कांदा, लसूण आणि गहू या तिन्हींत फ्रुक्टन नावाची एकाच प्रकारची साखर असते. मग एकच चाचणी का पुरत नाही? कारण प्रमाण फार वेगळे आहे. लसणात वजनाच्या मानाने फ्रुक्टन खूप असते, कांद्यात त्याहून कमी, आणि गव्हात अगदी थोडे. फक्त पोळ्या आपण जास्त खातो. म्हणून कांद्याने बेजार होणाऱ्याला दोन पोळ्या बिनतक्रार चालू शकतात. ‘कांदा बाधला, म्हणजे गहूही बाधणार’ असे गृहीत धरून गहू वर्षानुवर्षे सोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

गव्हासाठी पहिल्या दिवशी एक छोटा फुलका, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. बाजारचा ब्रेड किंवा बिस्किटे घेऊ नका. त्यांत दूध पावडर, साखरेचे पर्याय, कधी सोया पीठही असते. भाजी अर्थातच कांदा-लसणाशिवाय.

कांद्याची चाचणी शिजवलेल्या कांद्याने करा. पहिल्या दिवशी एक मोठा चमचा, दुसऱ्या दिवशी पाव कांदा, तिसऱ्या दिवशी अर्धा. लसूण असाच: पाव पाकळी, अर्धी, मग एक पूर्ण. पाव पाकळी हास्यास्पद वाटेल, पण अनेकांना नेमक्या याच मापाने मोठा दिलासा मिळतो. दहा माणसांच्या आमटीतल्या चार पाकळ्यांपैकी आपल्या वाट्याला अर्ध्या पाकळीहूनही कमी येते, आणि ती चालते हे एकदा कळले की पाहुण्यांकडे जेवता येते.

चातुर्मासात आपले पोट बरे असते, हे ज्यांच्या घरी कांदा-लसूण बंद होतो त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच हेरलेले असते. कांदेनवमीला भजी, थालीपीठ, झुणका असे सगळे कांद्याचे एकदम खाऊन रात्री पोट धरून बसणारेही असतात. ही निरीक्षणे उपयोगाची आहेत, डॉक्टरांना सांगा. मात्र ती चाचणीची जागा घेत नाहीत, कारण चातुर्मासात कांद्याबरोबर बाहेरचे चमचमीत खाणेही कमी झालेले असते.

लपलेला कांदा-लसूण शोधायला शिका. कांदा-लसूण मसाला नावावरूनच कळतो. पण फरसाणावरची भुकटी, तयार सूप, नूडल्सची पुडी, चटण्या यांवरील घटकांची यादी वाचावी लागते. बाजारातला बांधणी हिंग बहुधा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. फोडणीतल्या चिमटीने आयबीएसमध्ये सहसा काही बिघडत नाही, पण सीलिअ‍ॅक असेल तर तोही चालत नाही.

डाळी, फळे आणि बाकीचे

डाळी-कडधान्यांतली साखर वेगळ्या गटाची आहे. तुरीचे घट्ट वरण घेऊन पाहा: पाव वाटी, अर्धी वाटी, एक वाटी. फोडणीत लसूण नको. वरण चालले तर छोले, राजमा यांची चाचणी नंतर स्वतंत्रपणे करता येते. नाही चालले, तर डाळ रात्रभर भिजवून ते पाणी टाका, नव्या पाण्यात शिजवा आणि कमी मापाने पुन्हा पाहा. या साखरा पाण्यात उतरतात. सालीशिवायची मूग डाळ थोड्या प्रमाणात बहुतेकांना चालते. मोड आणल्यानेही कडधान्यांतील या साखरा घटतात. आपल्याकडची मोडाची उसळ त्यामुळे छोल्यांपेक्षा अनेकांना सोसते.

फळांमध्ये चाचणीसाठी आंबा घ्या, मोसम नसेल तर मध. दोन्हींत ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असते आणि तपासायचे तेच असते. सफरचंद आणि कलिंगड चाचणीसाठी उपयोगाचे नाहीत, कारण त्यांत दोन-तीन प्रकारच्या साखरा एकत्र असतात आणि निकालाचा गोंधळ होतो. मधुमेह असेल तर मधाची चाचणी करू नका, आंब्याचे मापही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल घातलेली शुगर-फ्री च्युइंगम, गोळ्या आणि काही कफ सिरप यांनीही जुलाब होतात. त्यांची चाचणी करण्याची गरज नाही, टाळलेले बरे. मशरूममध्ये मॅनिटॉल असते. तुम्ही ते आवडीने खात असाल तरच तपासा. ज्या पदार्थाची तुम्हाला आठवणही येत नाही, त्यावर आठवडा घालवू नका.

निकाल वाचताना होणाऱ्या चुका

पहिली चूक वेळेची. दुपारी एक वाजता खाल्लेला कांदा मोठ्या आतड्यात पोहोचून तिथे आंबायला संध्याकाळ किंवा रात्र होते. काहींना त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. आपण मात्र रात्रीच्या भाताला किंवा सकाळच्या चहाला दोष देतो. म्हणून वहीत मागे चोवीस तास पाहायची सवय लावा. त्याउलट, घास गिळल्यावर पाच मिनिटांत पोट फुगले, तर ते त्या घासातल्या साखरेने झालेले नसते. जेवायला बसल्यावर मोठे आतडे हलू लागते, तो नैसर्गिक प्रतिसाद आहे. आयबीएसमध्ये तो जोरदार असतो.

दुसरी चूक बेरजेची. सगळे पदार्थ एकेकटे पास होतात आणि मग रविवारी पोळी, कांद्याची भाजी, लसणाची फोडणी दिलेले वरण आणि वर आंब्याचा रस असे ताट झाले की पोट बिघडते. लगेच ‘चाचण्या खोट्या होत्या’ असा निष्कर्ष नको. यात एकाच जेवणात चार ठिकाणांहून साखरा आल्या. प्रत्येकाचे माप तुमच्या मर्यादेत होते, त्यांची बेरीज नव्हती. म्हणून एकेकट्या चाचण्या संपल्यावर, पास झालेल्या पदार्थांच्या जोड्या लावून पाहायच्या: पोळी आणि वरण, वरण आणि कांदा. तसेच एकदा खाल्ले तर चालते पण सलग चार दिवस खाल्ले तर नाही, असेही निघते.

तिसरी गोष्ट नाजूक आहे आणि ती सांगताना मला रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघून सांगावी लागते. भीतीनेही पोट दुखते. हे ढोंग नव्हे. मेंदू आणि आतडे नसांनी जोडलेले आहेत, आणि त्रास होणार अशी अपेक्षा असली की खराखुरा त्रास होतो. नॉर्वेत झालेला, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. ग्लूटेन बाधते म्हणून स्वतःहून गहू सोडलेल्या, पण सीलिअ‍ॅक नसलेल्या 59 जणांना तीन प्रकारचे बार दिले गेले: एकात ग्लूटेन, एकात फ्रुक्टन, एकात दोन्ही नाही. कोणता केव्हा खातो आहोत, हे त्यांना माहीत नव्हते. सर्वांत जास्त त्रास 24 जणांना फ्रुक्टनच्या बारने झाला, 13 जणांना ग्लूटेनच्या, आणि 22 जणांना ज्यात काहीच नव्हते त्या बारने.

म्हणून एखाद्या पदार्थाच्या नुसत्या विचाराने तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर घरच्यांची मदत घ्या. लॅक्टोजविरहित दूध आता अनेक दुकानांत मिळते. तुमच्या संमतीने घरातल्या कोणीतरी तीन दिवस एक दूध आणि मध्ये विश्रांती देऊन तीन दिवस दुसरे द्यावे, कोणते केव्हा हे फक्त त्यांनाच ठाऊक असावे. लॅक्टोजविरहित दूध चवीला किंचित गोड लागते, म्हणून दोन्हींत साखर-वेलची घालावी. तुमच्या नकळत, फसवून मात्र कोणी काही घालू नये. ‘हिला गुपचूप लसूण घातला, काही झाले नाही’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांमुळे रुग्णाचा घरच्या जेवणावरचा विश्वास उडतो. आणि अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या बाबतीत तर हा खेळ जिवावर बेतू शकतो.

बोटावरच्या रक्ताच्या थेंबावरून शेकडो पदार्थांची ‘संवेदनशीलता’ सांगणाऱ्या महागड्या आयजीजी चाचण्या करून आलेल्यांना मी तो अहवाल बाजूला ठेवायला सांगतो. एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीजी असणे म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे, एवढेच. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या चाचण्यांची शिफारस करत नाहीत. तुमची तीन दिवसांची वही त्याहून भरवशाची आहे.

नापास झालेल्या पदार्थाचे काय करायचे?

तो कायमचा हद्दपार होत नाही. कोणत्या मापाला त्रास सुरू झाला ते पाहा आणि त्याच्या खालचे माप वापरा. अर्धा कांदा बाधला पण पाव चालला, तर तुमच्यासाठी कांदा चालतो, फक्त पाव. दोन-तीन महिन्यांनी त्याच पदार्थाची पुन्हा चाचणी करा. सहनशक्ती बदलते, ताण कमी झाला, झोप सुधारली, तर पूर्वी न चाललेले पदार्थही चालू लागतात.

चवीचीही सोय आहे. फ्रुक्टन तेलात विरघळत नाही. लसणाच्या पाकळ्या अख्ख्या तेलात परतून काढून टाकल्या, तर तेलाला स्वाद येतो पण त्रास देणारी साखर पाकळीतच राहते. मात्र पाकळ्या काढल्यानंतरच भाजी किंवा पाणी घाला, कारण पाण्यात ती लगेच उतरते. हे तेल रोजच्या रोज करा. लसूण घातलेले तेल बाहेर साठवून ठेवल्यास त्यात बोट्युलिझमचे घातक विष तयार होऊ शकते. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग वापरा, त्यात फ्रुक्टन कमी असते. खालचा पांढरा कांदा काढून ठेवा.

चाचण्या संपेपर्यंत घरातल्या इतरांनी तुमच्याबरोबर पथ्य करण्याची गरज नाही. भाजी शिजवताना तुमचा वाटा आधी काढून उरलेलीला कांदा-लसणाची फोडणी वरून दिली, की दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत. सासूबाईंना किंवा आईला ‘मला हे चालत नाही’ एवढेच न सांगता ‘या तीन दिवसांत फक्त गहू बघतो आहोत’ असे सांगितले, तर त्याही मापाची वाटी हातात घेऊन मदतीला उभ्या राहतात.

डॉक्टरांना पुन्हा भेटताना

चाचण्या सुरू केल्यावर साधारण चार आठवड्यांनी एकदा आणि संपल्यावर एकदा भेटा. वही बरोबर आणा, वजन करून या, आणि सध्या दिवसभरात काय काय खाता ते एका कागदावर लिहून आणा. त्यावरून कॅल्शियम, लोह किंवा बी-12 तपासावे लागेल का, हे ठरवता येते. सगळेच पदार्थ पहिल्याच मापाला नापास झाले असतील, तर पुढच्या चाचण्या थांबवून लवकर या. तेव्हा बहुधा पदार्थांपेक्षा आतड्याच्या संवेदनशीलतेवर, बद्धकोष्ठतेवर किंवा चिंतेवर उपचार आधी करावे लागतात. आणि चाचण्यांच्या काळात केव्हाही शौचावाटे रक्त गेले, ताप आला, उलट्या थांबेनात किंवा वजन घसरू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.